दारातले चार चिकू

आगमनकाळ आला की आमच्या चर्चमध्ये सगळे अचानक चांगले होतात. नाताळच्या आधीचे चार रविवार. वेदीजवळ हिरव्या पानांचं कडं ठेवतात, त्यात तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक पेटवायची. चारही पेटल्या की नाताळ दारात आला समजायचं. तेवढे दिवस जो तो गोड बोलतो, एकमेकांच्या घरच्या केकची चौकशी करतो आणि जानेवारी उजाडला की स्कूटर कुठे लावायची ह्यावरून पुन्हा हमरीतुमरीवर येतो. तुम्हाला वाटेल, बाई टोमणा मारते आहे. टोमणाच आहे.

बोईसरचं आमचं चर्च म्हणजे पाच भाषांची खिचडी. आम्ही वसईकडून नोकरीपायी आलेले, काही केरळचे, काही मंगळूरचे, तमिळ, आणि आता झारखंडची कंत्राटी पोरं, एका खोलीत सहा-सहा जण राहणारी. गाण्याच्या सरावाला कुठलं गाणं कुठल्या भाषेत यावरून दरवर्षी कुणीतरी रुसतं. अशा लोकांना एकत्र आणायला म्हणून आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी तीन वर्षांपूर्वी एक प्रथा सुरू केली. आगमनाचा सोबती.

प्रथा साधी आहे. पहिल्या रविवारी मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, संपली की एक टोपली फिरते. तिच्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. ज्याचं नाव तुमच्या हाती येईल तो तुमचा सोबती, आणि तुम्ही त्याचे. त्याला कळू न देता चार आठवडे त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची आणि जमेल तसं काही चांगलं करायचं. दारात फळ ठेवा, फुलं ठेवा, त्याच्या घरचं एखादं काम करून टाका. चौथ्या रविवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, माझा सोबती हा होता. छोटीशी भेटवस्तू द्यायची. मग एका कागदाच्या पट्टीवर आपण काय केलं ते लिहून, खाली सही करून, ती पट्टी नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या गव्हाणीत टाकायची. आमच्या गोठ्यात पेंढा नसतो. नाताळला बाळ येशूची मूर्ती ठेवतात ती आमच्या चांगुलपणाच्या पट्ट्यांवर.

गेल्या वर्षी माझ्या हातात त्याची चिठ्ठी आली.

त्याचं नाव मी इथे घेणार नाही. घरातही घेत नाही. तो आमच्या ह्यांचा सुपरवायझर होता. आमचे हे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. एका सकाळी पाइपाचा जोड सुटला आणि कातडी जाळणारं कॉस्टिक तोंडावर उडालं. उजवा डोळा गेला. डाव्याला नुसता उजेड कळायचा. त्या वेळी तिथे हे होते, सुपरवायझर होता आणि एक बिहारचा हेल्पर. चौकशी बसली तेव्हा सुपरवायझरनं लिहून दिलं की कामगारानं गॉगल घातला नव्हता. खाली सही केली. संपलं. ज्याचा डोळा गेला तोच गुन्हेगार.

गॉगल घातला होता. जुना होता, डाव्या बाजूला चीर गेलेली, उजवीकडचं रबर निघालेलं. ह्यांनी नवा मागून मागून तोंड दुखवून घेतलं होतं. त्या हेल्परनं तो जमिनीवरून उचलला आणि रुमालात बांधून मला हॉस्पिटलात आणून दिला. "भाभी, भाईसाब पहने थे. मैंने देखा. पर मेरा नाम मत लेना, छोटे बच्चे हैं." मी नाव घेतलं नाही. मी तरी कुणाच्या पोटावर पाय देऊ? तो गॉगल मी बिस्किटाच्या डब्यात ठेवला. एका बाजूची काच दुधासारखी पांढरी झालेली.

हे त्यानंतर आठ वर्षं जगले. नुकसानभरपाईचं सोडा, तिचं काय रडायचं. पण सुपरवायझर पडला चर्चमधला वाचक. रविवारी वेदीजवळच्या माइकवर उभं राहून, ठणठणीत आवाजात शास्त्रवाचन करायचा. तो आवाज सुरू झाला की हे उठायचे, भिंतीला हात लावत लावत बाहेर जायचे आणि बदामाच्या झाडाखाली उभे राहायचे. वाचन संपलं की मी जाऊन आत आणायची. आठ वर्षं. सगळं चर्च बघायचं आणि सगळं चर्च गाण्याच्या पुस्तकात तोंड घालायचं.

ह्यांनी त्याला कधी शिवी दिली नाही. फक्त एक प्रश्न विचारायचे, तोही मलाच, जेवताना, अंघोळीचं पाणी काढताना, कधीही. "सही करताना त्याचा हात नसेल का गं थरथर कापला?" मी म्हणायची, "मला काय ठाऊक? तुम्ही जेवा." शेवटच्या आजारातही विचारलं.

ह्यांना माती द्यायला तो आला होता, मागे उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला त्याच्याकडून पैसा नको होता, माफीसुद्धा नको होती. मला एकच वाक्य हवं होतं, चारचौघांत, त्याच ठणठणीत आवाजात: गॉगल घातला होता. बस. तेवढं ऐकल्याशिवाय मरायचं नाही असं मी ठरवलं होतं.

आणि ह्यांना जाऊन सहा वर्षं झाल्यावर हातात ही चिठ्ठी! मी तिथल्या तिथे सिस्टरकडे गेले. म्हटलं, "सिस्टर, ही बदलून द्या."

त्यांनी नाव वाचलं. त्यांनाही सगळी कथा माहीत. त्या हसल्या, अशा काही हसल्या की माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, चिठ्ठी देवाच्या हातून येते. ती बदलत नाहीत."

"देवाला म्हणावं, तू घे मग."

"प्रार्थना करा, जमेल," म्हणाल्या आणि टोपली घेऊन पुढे गेल्या. सिस्टर पस्तिशीच्या. त्यांना सगळं जमेल असं वाटतं.

तोही आता पूर्वीचा राहिला नव्हता म्हणा. बायको वारली होती. दोन्ही मुलं परदेशात. पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून काठी. वाचनाला उभं राहवत नाही म्हणून ते काम दुसऱ्याला दिलेलं. रोज सकाळच्या मिस्सेला मात्र हजर, पहिल्या बाकावर. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, दुसरं काय. रस्त्यात दिसला की लोक म्हणायचे, बिचारा एकटा आहे. मी म्हणायची, घरात मुलगा-सून असले तरी ह्यांच्यामागे मीही एकटीच आहे, मला कुणी बिचारी म्हटलं नाही.

मी चिठ्ठी घरी आणली, डब्यातल्या गॉगलखाली ठेवली आणि झाकण लावलं. प्रार्थना नाही, फूल नाही, फळ नाही. चार आठवडे त्यानं दार उघडावं आणि रिकामा उंबरठा बघावा. बघू दे. आठ वर्षं आमच्या उंबरठ्यावर तरी कोण आलं होतं?

दुसऱ्या रविवारी मिस्सेनंतर सगळे अंगणात चहा घेत उभे होते. बायका आपापल्या सोबत्याचं कौतुक करत होत्या. माझ्या दारात कुणी चमेली ठेवली, माझी सायकल कुणी पुसून ठेवली, चाललेलं. माझ्याही दारात कुणीतरी दोनदा वसईची केळी ठेवली होती, ती मी खाल्ली आणि गप्प बसले. तेवढ्यात त्याचा आवाज आला. आता ठणठणीत नव्हता, पण ओळखू आलाच.

"माझा सोबती रोज चार चिकू ठेवतो. रोज हं! सकाळी दार उघडलं की चार."

मी म्हटलं, हे काय आता? त्याची चिठ्ठी माझ्या डब्यात. मग चिकू कोण ठेवतंय? घरी येऊन पुन्हा चिठ्ठी काढून पाहिली. नाव त्याचंच.

तिसरा रविवार आनंदाचा, गुलाबी मेणबत्तीचा. फादरसुद्धा गुलाबी झगा घालतात, आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, फादर आज स्ट्रॉबेरी आइसक्रीम. त्याही दिवशी तो अंगणात तेच सांगत होता. चिकू आता साखरेसारखे गोड झाले होते, आणि सोबत्यानं त्यांच्याबरोबर एक जास्वंदही ठेवायला सुरुवात केली होती. लोक माना डोलवत होते. माझी सून म्हणाली, "किती प्रेमळ असेल ना आई तो सोबती!" मी म्हटलं, "असेल."

उलगडा स्टेशनजवळच्या बाजारात झाला. चिंचणीची एक बाई तिथे चिकू घेऊन बसते, आमच्या जुन्या ओळखीची. मी अर्धा किलो घेतले. ती म्हणाली, "तुमच्या चर्चातला तो काठीवाला म्हातारा हाय ना, तो रोज चारच घेते. आमी बोललो, बाबा, किलोभर न्या, रोज काय लंगडत येता? तर बोलला, नाय, रोज ताजेच पायजे, दारात ठेवायचे हायत."

"कुणाच्या दारात?"

"ते आमाला काय माहीत! विचारलं तर हसला नुसता."

मी तिथेच उभी राहिले, रिक्षावाले हॉर्न देत होते तरी. म्हणजे हा स्वतःच चिकू विकत घेतो, स्वतःच्या दारात ठेवतो, स्वतःच उचलतो, आणि रविवारी लोकांना सांगतो की मला सोबती आहे! मला तर हसूच फुटलं. खोटारडा तो खोटारडाच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. एवढी वर्षं त्याच्या खोट्याचा पुरावा माझ्याजवळ होता आणि कुणी बघत नव्हतं. आता दुसरं खोटं सापडलं होतं, आणि ह्याची साक्षीदार मी स्वतः होते. ह्या वेळी सही त्याची चालणार नव्हती.

मी ठरवलं. चौथ्या रविवारी हॉलमध्ये माइक हातात येणारच होता. मी वाक्य जुळवलं, भांडी घासता घासता पाठ केलं. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचं: माझ्या चिठ्ठीत ह्यांचं नाव होतं. मी चार आठवडे ह्यांच्यासाठी एक चिकूसुद्धा ठेवलेला नाही. का नाही, ते ह्या पाकिटात आहे, सगळ्यांसमोर उघडा. पाकिटासाठी मी चमचमता कागद आणला, तारे असलेला, आणि त्यात गॉगल गुंडाळला. रिबीनसुद्धा बांधली. एवढ्या निगुतीनं मी कुणाची भेट बांधली नव्हती. सून म्हणाली, "आई, काय आहे आत?" म्हटलं, "ज्याचं आहे त्यालाच कळेल."

चौथ्या रविवारी हॉल भरला होता. एका कोपऱ्यात गोठा, बांबूचा, वर झावळ्या आणि चांदण्यांची माळ. गव्हाण रिकामी. शेजारी टेबलावर कागदाच्या पट्ट्या आणि पेनं. एकेक जण उठत होता, सोबत्याचं नाव सांगत होता, टाळ्या, मिठ्या, फोटो. झारखंडचा एक पोरगा उठला आणि केरळच्या एका म्हातारीला शाल दिली, ती रडली, सगळे रडले. माझं लक्ष पर्समध्ये. पाकीट तिथेच होतं. ह्यांना मनातल्या मनात म्हटलं, जरा थांबा, आज बाहेर झाडाखाली जायचं नाही.

माझी पाळी आली. मी माइक घेतला. म्हटलं, "माझ्या चिठ्ठीत ह्यांचं नाव होतं." आणि बोट दाखवलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. सगळ्यांना माहीत ना आमच्यातलं. तो पहिल्या रांगेत बसला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्या एका क्षणात मला कळलं की त्यालाही कळलंय. चिकू कुणी ठेवले नव्हते हे जगात फक्त त्याला आणि मला माहीत होतं. मी दुसरं वाक्य बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तो काठी टेकत उठला, माझ्यासमोर आला आणि माइक त्यानं स्वतःकडे ओढला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "रोज चार चिकू. वहिनी, तुम्हीच असणार असं मला वाटलंच होतं."

खोटं. धडधडीत खोटं, माझ्या तोंडावर, देवाच्या गोठ्यासमोर. आणि बोलताना तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या पाण्याला मी भुलले नाही. त्यात भीती होती. मला उघडं पाडू नका, एवढंच ते डोळे म्हणत होते.

मी ते वाक्य तेव्हाच म्हणायला हवं होतं. माइक हातभर अंतरावर होता. पण टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या आमच्या हॉलमध्ये मी कधी ऐकल्या नाहीत. लोक उठून उभे राहिले. सिस्टर धावत आल्या, मला मिठी मारली आणि माइकमध्ये म्हणाल्या, "बघा! ह्याला म्हणतात क्षमा! हे आगमन!" सून रडत होती. "आई, तुम्ही मलासुद्धा सांगितलं नाहीत!" आठ वर्षं पुस्तकात तोंड घालून बसलेले सगळे चेहरे आता माझ्याकडे बघत होते, आणि चांगल्या नजरेनं बघत होते. आता काय सांगू? की मी चार आठवडे एका लंगड्या म्हाताऱ्यासाठी एक जास्वंदसुद्धा ठेवली नाही? की त्याचा रिकामा उंबरठा आठवून मला झोप छान लागायची?

माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले ते हे: "गोड निघाले ना?"

"फार गोड," तो म्हणाला.

झालं. एवढंच. ज्या वाक्यासाठी मी चौदा वर्षं तोंड दाबून बसले होते त्याच्या जागी मी चिकूची चौकशी केली.

सिस्टर म्हणाल्या, "भेट?" मी पर्सची चेन ओढून घेतली. म्हटलं, "घरी राहिली." तो पटकन म्हणाला, "राहू द्या, राहू द्या." आणि जागेवर जाऊन बसला. सुटला बिचारा. मी नव्हते सुटले. आता कुठल्या तोंडानं म्हणू त्याला, तू खोटं बोललास? तो म्हणेल, वहिनी, आणि चिकू?

मग सगळ्यांबरोबर मलाही टेबलाशी जावं लागलं. पट्टी घेतली. मागे रांग होती, सून खांद्यावरून वाकून बघत होती, सिस्टर फोटो काढायला मोबाइल धरून उभ्या. मी लिहिलं: सोबत्याच्या दारात रोज चार चिकू ठेवले. स्वच्छ अक्षरात लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नावाची, ह्यांचं नाव मध्ये असलेली. पट्टी गव्हाणीत टाकली. नाताळच्या मिस्सेत फादरनी बाळ येशू त्यावर ठेवला, मी बघितलं.

गॉगल परत डब्यात आहे. त्याच्यावरचा चमचमता कागद मी अजून सोडलेला नाही.

अहो, तुम्ही आठ वर्षं विचारत होता ना, सही करताना हात कापला नसेल का? आता सांगते. नाही कापत हो. अजिबात नाही कापत.